उन्हाळ्यांतील गार पाणी

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राजवाडे उभे राहतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हांतून घरीं आलेल्या माणसानें अंगणांतच पायांवर पाणी घ्यावें, ओटीवर टेकावें आणि आंतून आलेला गार पाण्याचा तांब्या एका दमांत रिता करावा, या सुखाची नोंद कोणत्याहि बखरींत सांपडावयाची नाहीं. तें सुख फार लहान, क्षणाचें आणि बहुधा फुकटचें. त्याला इतिहास कसला, असें कोणीहि विचारील. आमचें मत निराळें आहे. या घोटभर पाण्यामागें कुंभाराची कला आहे, बादशाहांचे लाड आहेत, दोन महासागर ओलांडून आलेलीं जहाजें आहेत, आणि आपल्या समाजानें मान खालीं घालून ऐकावी अशी एक हकीकतहि आहे. या लहानशा सुखाचा माग वाचकांबरोबर काढावा, असा आमचा मानस आहे.

आरंभ घरांतूनच करूं. होळी झाली कीं कुंभारवाड्यांतून नवे माठ, सुरया व रांजण बाजारांत येतात. टिचकी मारून, नाद ऐकून माठ निवडण्याचें काम घरांतील जाणत्या माणसाकडे असतें. घरीं आल्यावर तो एक दिवस भरून ठेवावयाचा, तें पहिलें पाणी झाडांना घालावयाचें, आणि मग माजघरांत किंवा पडवींत, जेथें वाऱ्याची झुळूक येते अशा जागीं, तिवईवर अथवा ओल्या वाळूवर त्याची स्थापना करावयाची. 'स्थापना' हा शब्द आम्ही बुद्ध्याच योजिला आहे. कारण पुढील तीन महिने घरांतील सर्व वाटा त्या कोपऱ्याकडे वळतात. पाण्यांत वाळ्याची जुडी सोडावी, संध्याकाळीं मोगऱ्याचीं चार फुलें टाकावीं, कीं मातीचा स्वतःचा वासच राहूं द्यावा, यावर घराघरांत मतभेद असतात, आणि प्रत्येक पक्षाला आपल्याच माठाचें पाणी गांवांत उत्तम असें वाटतें.

या गारव्याचें मर्म कुंभाराला पदार्थविज्ञान न शिकतांच ठाऊक झालें. माती कालवतांना तो तींत राख किंवा घोड्याची लीद मिसळतो. भट्टींत लीद जळून जाते आणि मातींत सूक्ष्म छिद्रें राहतात. त्यांतून पाणी हळूहळू पाझरून माठाच्या अंगावर येतें व वाफ होऊन उडतें. वाफ होण्यास जी उष्णता लागते ती आंतल्या पाण्यांतून ओढली जाते, आणि मागें राहिलेलें पाणी निवतें. हवा जितकी कोरडी तितकी ही क्रिया जलद. म्हणून नागपूर-अकोल्याच्या भाजून काढणाऱ्या वैशाखांत माठ जसा गार होतो, तसा कोंकणच्या दमट हवेंत होत नाहीं. ज्या उन्हानें माणूस होरपळतो, त्याच उन्हाला राबवून पाणी गार करण्याची ही युक्ति आहे. पाण्यांतील क्षार बसून छिद्रें बुजलीं कीं माठाचा गुण जातो, म्हणून कुंभाराचें दार पुन्हां गांठावें लागतें. दारांखिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत याच तत्त्वावर चाले, आणि आज वऱ्हाड-नागपुरांत घरोघर घरघरणारे कूलर हे त्या पडद्यांचेच वंशज होत.

परंतु गार पाणी स्वतः पिण्यांत जेवढें सुख आहे तेवढेंच तें दुसऱ्यास पाजण्यांतहि आहे, हें आपल्या पूर्वजांनीं ओळखिलें होतें. चैत्रांत गौर झोपाळ्यावर बसते, आणि महिनाभर कोणाच्या ना कोणाच्या घरीं हळदीकुंकवाला कैरीचें पन्हें, आंब्याची डाळ व भिजविलेले हरभरे मिळतात. गुळाचें पन्हें करावें कीं साखरेचें, त्यांत केशर असावें कीं वेलदोडाच पुरे, हे त्या महिन्यांतील महत्त्वाचे प्रश्न होत. अक्षय्य तृतीयेला पाण्यानें भरलेला घडा दान करतात. त्याला उदकुंभदान म्हणतात. मातीच्या घड्यांतील पाण्याला दानाची प्रतिष्ठा देणाऱ्या शास्त्रकारांना या देशाचा वैशाख चांगलाच ठाऊक असला पाहिजे.

या पाजण्याचा पुरावा फार जुना आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत क्षहरात राजा नहपान याचा जांवई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या त्या लेखांत, तापीसारख्या नद्यांवर त्यानें फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर सभा व प्रपा, म्हणजे विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्या, असें नमूद आहे. कान्हेरी, नाणेघाट इत्यादि ठिकाणीं कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं आहेत. 'पोढी' या नांवानें त्यांचीं दानें लेखांत कोरलेलीं आढळतात, आणि कान्हेरीच्या दात्यांत कल्याणचा एक सोनारहि आहे. हालाच्या गाथासप्तशतींत तर पाणपोईवरील तरुणी आणि वाटसरू यांची एक गाथा रसिकांच्या परिचयाचीच आहे. वाटसरूला पाण्यापेक्षां तिच्या मुखदर्शनाची तहान अधिक, म्हणून तो ओंजळीचीं बोटें फांकवून पाणी गळूं देतो. आणि तीहि तशीच, धार बारीक बारीक करीत जाते. पाणपोई ही रोजच्या ओळखीची जागा असल्याखेरीज असा विनोद कवीला सुचत नाहीं.

प्रजा माठावर संतुष्ट होती. राजांचें तेवढ्यावर भागत नव्हतें. १५२६ सालीं दिल्ली जिंकणाऱ्या बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत या देशांतील उणिवांची जी यादी दिली आहे, तींत चांगलीं द्राक्षें व खरबुजें यांच्या जोडीला बर्फ आणि थंड पाणी यांचाहि अभाव नोंदलेला आहे. त्याचा नातू अकबर यानें हें उणें भरून काढलें. अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरींत पाण्याच्या खात्याला स्वतंत्र स्थान आहे. बादशाह गंगेचें पाणी पीत असे, व तें मोहोरबंद भांड्यांतून त्याच्याकडे पोंचविण्याची व्यवस्था होती. तें गार करण्यासाठीं सोरा वापरीत. पाण्यांत सोरा विरघळला कीं तें पाणी अतिशय थंड होतें, आणि पिण्याच्या पाण्याची सुरई त्यांत फिरवीत ठेवली कीं आंतलें पाणी निवतें. बंदुकीच्या दारूंत भडका उडविणारा सोराच येथें गारवा देतो, याचें कौतुक खुद्द अबुल फजलाला वाटलें आहे. १५८६ च्या सुमारास दरबार लाहोरास गेला, तेव्हां उत्तरेकडील डोंगरांतून बर्फ येऊं लागला. होड्यांनीं, गाड्यांनीं आणि माणसांच्या डोक्यांवरून.

बादशाही खालावली आणि कंपनीचे साहेब आले. त्यांना तर येथला उन्हाळा अधिकच असह्य. अलाहाबादेकडे हिंवाळ्यांत बर्फ धरण्याची एक देशी रीत होती. तिचें वर्णन रॉबर्ट बार्कर यानें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. उघड्या माळावर उथळ खड्डे खणून त्यांत उंसाचीं चिपाडें पसरीत, त्यांवर मातीचीं पसरट भांडीं मांडीत आणि त्यांत थोडें थोडें पाणी ओतीत. हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतांहि निरभ्र रात्रीं पाण्यांतील उष्णता आकाशाकडे निघून जाई, आणि पहांटे भांड्यांत बर्फाची पातळ कपची जमलेली असे. सूर्य वर येण्यापूर्वीं ती गोळा करून, गवतानें व कांबळ्यांनीं वेढलेल्या खोल खड्ड्यांत ठोकून बसवीत व उन्हाळ्यापर्यंत जपून ठेवीत. पहांटेच्या थंडींत हीं भांडीं उचलणारीं माणसें एक, आणि वैशाखांत त्या बर्फाचें सरबत पिणारीं माणसें दुसरीं, हें सांगावयास नकोच.

यापुढील हकीकत कादंबरींत शोभावी अशी आहे. अमेरिकेंतील बॉस्टन शहराच्या फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें हिंवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांतून बर्फाचे चिरे कापून ते उष्ण देशांत विकण्याचा धंदा मांडला होता. १८३३ च्या मे महिन्यांत 'टस्कनी' नांवाचें जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून कलकत्त्यास निघालें. वाटेंत विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागलें, प्रवासाला चार महिने लागले, आणि तरीहि सप्टेंबरांत तें पोंचलें तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. हा चमत्कार कोणत्याहि यंत्राचा नव्हता. भुसा, गवत, झाडांची साल असल्या टाकाऊ वस्तूंचा भराव बर्फाभोंवतीं केला कीं उष्णता आंत सहजासहजीं शिरत नाहीं, एवढेंच त्यांतील रहस्य. कलकत्त्याच्या साहेबलोकांनीं वर्गणी काढून बर्फासाठीं घर बांधलें. मुंबईसहि बर्फघर झालें. मद्रासेंतील १८४२ सालचें बर्फघर तर समुद्रकांठीं अजून उभें आहे. १८९७ सालीं स्वामी विवेकानंद तेथें कांहीं दिवस राहिले होते, व आतां तें त्यांचें स्मारक आहे. अमेरिकेंत वॉल्डन तळ्याच्या कांठीं राहणाऱ्या थोरो या विचारवंतानें १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत आपल्या तळ्यावर बर्फ कापणारे मजूर पाहिले. भगवद्गीतेचा तो वाचक होता. आपल्या तळ्याचें पाणी असें हिंदुस्थानांत जाऊन गंगेच्या पाण्यास मिळतें, ही कल्पना त्यानें आपल्या १८५४ च्या ग्रंथांत मोठ्या आनंदानें नमूद केली आहे.

मुंबईच्या बंदरांत हा अमेरिकन बर्फ १८३४ च्या सुमारास उतरला. त्या वेळची एक गोष्ट मुंबईच्या जुन्या आठवणींतून सांगत आले आहेत. जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या घरच्या मेजवानींत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलें; दुसऱ्या दिवशीं यजमान व पाहुणे या सर्वांना पडसें झालें; आणि 'मुंबई समाचार' पत्रानें, नव्या थेरांचें फळ बरें मिळालें, अशा अर्थाचा शेरा मारला. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, तींतला स्वभाव खरा आहे. परक्या सुखाला आपल्या घरांत प्रथम पडसें होतें. मग हळूहळू तें सोसूं लागतें. आणि पुढच्या पिढीला तें बापजाद्यांचेंच वाटूं लागतें.

१८७० नंतर येथेंच यंत्रानें बर्फ होऊं लागला, आणि थोड्याच वर्षांत बॉस्टनचीं जहाजें थांबलीं. बर्फ स्वस्त झाला, व साहेबाच्या मेजावरून उतरून रस्त्यावर आला. हायरम कॉड या इंग्रजानें १८७२ सालीं कांचेच्या गोटीनें तोंड बंद होणारी बाटली काढली होती; तीच आपल्याकडे गोटी सोडा म्हणून गांवोगांवच्या जत्रांत पोंचली, आणि ती फोडतांना होणाऱ्या आवाजासाठींच कित्येक मुलांनीं आपला आणा खर्चिला. हातगाडीवर गोणपाटांत व भुशांत गुंडाळलेली बर्फाची लादी, ती किसण्याचा रंधा, आणि लाल-हिरव्या पाकाच्या बाटल्या, एवढ्या सामग्रीवर बर्फाच्या गोळ्याचें दुकान सजूं लागलें. ट्यूडरच्या जहाजांत बर्फ सांभाळणारा भुसा तोच येथें हातगाडीवर आला. जें अकबराला डोंगरांतून डोक्यांवर आणवावें लागलें, तें चार पैशांत पोराच्या हातांत पडलें. आज घरोघर फ्रीज आहे, आणि दुपारीं बर्फाच्या चार वड्या काढतांना कोणाला बॉस्टनची आठवण होत नाहीं.

सुखाचा हा विस्तार पाहून येथेंच लेखणी ठेवावी, असा मोह होतो. परंतु गार पाण्याच्या इतिहासाची एक बाजू अद्याप सांगावयाची राहिली आहे, आणि ती सांगितल्यावांचून वरील सर्व मजकूर अर्धसत्य ठरेल.

ज्या सुमारास बर्फ मुंबईस उतरला, तेव्हां आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें, याच मुलखांत लक्षावधि माणसांना सार्वजनिक विहिरीचें अथवा तळ्याचें पाणी आपल्या हातानें घेण्याची मुभा नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बाया विहिरीपासून दूर, रिकामी घागर पुढें ठेवून, कोणी स्पृश्य येऊन वरून पाणी वाढील याची वाट पाहात उन्हांत बसत. पुण्यकर्म म्हणून घातलेल्या पाणपोईवरहि त्यांच्यासाठीं निराळी धार असे, किंवा धारच नसे. गाथेंतल्या वाटसरूची जात कवीनें सांगितली नाहीं. आपल्या पाणपोयांनीं ती प्रथम विचारली. उदकुंभाचें दान करणारा आणि तहानेल्याला ओट्यावरून परत लावणारा, हे पुष्कळदां एकच गृहस्थ होते. त्यांना यांत विसंगति दिसली नाहीं, हेंच या गोष्टींतलें सर्वांत दुःखद अंग आहे.

१८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यास आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठीं मोकळा केला. एका घराच्या अंगणांतील ती गोष्ट. परंतु तिच्यासाठीं त्या काळीं केवढें धैर्य लागलें असेल! ऑगस्ट १९२३ मध्यें सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें मान्य केला, आणि सरकारी व सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावे असें ठरलें. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं आपलें चवदार तळें त्याप्रमाणें खुलें केलें, अर्थात् कागदावर. कागदावरचें पाणी कोणाची तहान भागवीत नाहीं. म्हणून २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर हजारों माणसांसह शिस्तीनें त्या तळ्यावर गेले, पायऱ्या उतरले, आणि त्यांनीं तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन प्राशन केलें. मागोमाग इतरांनींहि तेंच केलें. उन्हाळा नुकता लागला होता. आतां हे लोक देवळांत शिरणार, अशी आवई उठवून पुढें त्यांच्यांतील पुष्कळांना मारहाण करण्यांत आली. नंतर तळें 'शुद्ध' करण्याचा विधि झाला, आणि त्यासाठीं शेण, गोमूत्र, दूध, दही यांनीं युक्त अशा पाण्याच्या १०८ घागरी तळ्यांत ओतण्यांत आल्या. कुंभारानें ज्या मातीला तहान भागविण्याचा गुण दिला, तिच्याच घागरींनीं हें काम करविलें गेलें. तळें सर्वांचें आहे, हें हायकोर्टाकडून ठरण्यास १९३७ साल उजाडलें. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नाहींशी केली, आणि विहिरी, तळीं व घाट यांच्या वापरांत जातिभेद चालणार नाहीं हें स्पष्ट शब्दांत सांगितलें.

या दोन तारखा आम्ही मुद्दाम शेजारीं ठेवतों. बॉस्टनच्या तळ्याचा बर्फ महिनोन् महिने प्रवास करून मुंबईस पोंचला, तो १८३४ च्या सुमारास. मुंबईपासून शंभर मैलांच्या आसपास असलेल्या महाडांत, तळ्याच्या कांठावरून पाण्यापर्यंत पंधरा-वीस पावलें उतरण्याला १९२७ साल लागलें. समुद्रावरचें अंतर व्यापाऱ्यानें भुसा आणि गवत यांच्या जोरावर ओलांडलें. पायऱ्यांवरचें अंतर ओलांडण्यास त्याहून त्र्याण्णव वर्षें अधिक गेलीं, आणि मार खावा लागला तो निराळाच. कोणतें अंतर मोठें, हें वाचकांनींच ठरवावें.

कोणी म्हणेल, झालें गेलें. आतां बाटलीबंद पाणी कोणालाहि दुकानांतून मिळतें, तेथें जात कोण विचारतो? हें खरें आहे, आणि तें चांगलेंहि आहे. परंतु बाटलीला पैसे पडतात, आणि तहानेला खिसा नसतो. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहर तहानेनें व्याकुळ झालें, तेव्हां मिरजेहून पाण्यानें भरलेली आगगाडी तेथें न्यावी लागली. पहिल्या खेपेस तिला दहा डबे होते. बर्फाचें जहाज कोणाच्या चैनीसाठीं निघालें होतें. ही गाडी केवळ जीव जगावे म्हणून निघाली. मराठवाड्यांतील कित्येक खेड्यांत आजहि चैत्र लागला कीं बायकांच्या डोक्यांवर घागरींची उतरंड चढते व पायांखालची वाट लांबत जाते. फ्रीज घरांत असून नळ कोरडा असेल, तर त्या कपाटाचें करावयाचें काय?

म्हणून आम्हांस वाटतें कीं, उन्हाळ्यांतील लहानसहान सुखांची गोडी जरूर घ्यावी. माठाला वाळा घालावा, पन्हें करावें, पोरांनीं गोळा मागितला तर फार उपदेश न करतां द्यावा. या सुखांनींच वर्षाचे ते चार कठीण महिने सोसवतात. परंतु घरांतला माठ भरतांना एक माठ दारांतहि भरून ठेवावा, वर स्वच्छ झांकण घालावें, आणि पेला साखळीनें न बांधतां ठेवावा. येणारा टपालवाला असेल, रस्ता झाडणारी बाई असेल, सामान पोंचविणारा पोरगा असेल. त्यानें स्वतःच्या हातानें पाणी काढून घ्यावें. आपण तेथें उभें राहून वाढण्याचेंहि कारण नाहीं. आपल्या हातानें पाणी घेतां येणें, हें सुख या देशांत बर्फाहून नवें आहे. तें जपणें आपल्याकडे आहे.